सर्वांत वाईट पुस्तक कसे ठरवावे

वाचनालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकाचे शेवटचे कोरे पान आधी पाहण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना मराठी वाचक किती रोखठोक असतो हे निराळे सांगावे लागत नाही. परतीच्या तारखांचे शिक्के असलेल्या कागदाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेले असते, "अत्यंत रटाळ. वेळ वाया घालवू नये." त्याखाली निळ्या शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर असते, "आपल्याला कळले नाही म्हणून पुस्तक रटाळ ठरत नाही." आणि पुस्तक रहस्यकथेचे असेल तर त्याच्याही खाली तिसरा कोणी सगळ्यांवरच सूड उगवून गेलेला असतो, "खून मामांनी केला आहे." सार्वजनिक पुस्तकावर लिहू नये हे खरेच, परंतु या शेऱ्यांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तक वाईट आहे एवढे त्यांतून कळते, पण ते कशात वाईट आहे, कोणामुळे वाईट झाले आहे आणि कोणाला वाईट वाटेल, यांपैकी काहीच कळत नाही.

आमच्या गावातील वाचकगटात गेली काही वर्षे जुलै महिन्यातील एक संध्याकाळ याच विषयाला दिलेली असते. प्रत्येकाने आपण वाचलेले सर्वांत वाईट पुस्तक घेऊन यावे आणि ते तसे का आहे हे पाच-सात मिनिटांत पटवून द्यावे, एवढाच तिचा हेतू. पहिल्या वर्षी ही बैठक पुरती फसली. बारा जण आले. त्यांपैकी चौघांनी पुस्तक पुरे वाचलेलेच नव्हते, तिघे लेखकाच्या स्वभावाविषयीच बोलत राहिले, दोघांनी शाळेतल्या मराठीच्या बाईंवरचा जुना राग काढला, आणि एका गृहस्थांनी ज्या कादंबरीला नावे ठेवली ती शेजारच्या खुर्चीवरील बाईंची आवडती कादंबरी निघाल्यामुळे चहा कोणी घेतला आणि कोणी तसाच ठेवला हे पाहण्यासारखे होते. त्यानंतर चुकतमाकत जी रीत बसत गेली ती येथे मांडतो आहे. एकट्याने स्वतःच्या वहीत यादी करणाऱ्यालाही ती उपयोगी पडावी.

पुस्तक किती वाचलेले असावे

अर्ध्यावर सोडलेले पुस्तक आणि वाईट ठरवलेले पुस्तक यांच्या दोन वेगळ्या याद्या ठेवाव्यात. सोडून देण्याचा हक्क वाचकाला आहेच. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. ते त्यांनी ग्रंथपालांसाठी सांगितले असले, तरी वाचकाने ते स्वतःलाही लावून घ्यायला हरकत नसावी. सिएटल येथील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा सोडण्याचा हिशेब तर प्रसिद्धच आहे : वय पन्नासच्या आत असेल तर पन्नास पाने वाचून निर्णय घ्यावा, आणि पन्नास उलटली असतील तर शंभरातून आपले वय वजा करून जेवढे उरेल तेवढीच पाने वाचावीत. म्हणजे सत्तरीच्या वाचकाला तीस पाने पुरेत. हा हिशेब मराठी पुस्तकांना लावताना मात्र एक दुरुस्ती करावी लागते. आपल्याकडे अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश आणि कधी कधी आणखी एका मान्यवरांचे "दोन शब्द" एवढे सगळे ओलांडून मूळ मजकुरापर्यंत पोहोचतानाच तीस पाने संपलेली असतात. ती मोजणीत धरू नयेत.

हा हिशेब पुस्तक सोडण्यापुरता आहे. "सर्वांत वाईट" हा शब्द वापरायचा असेल, तर शेवटचे पान वाचलेले असले पाहिजे, कारण पहिल्या शंभर पानांत जो दोष वाटतो तो पुढे योजनेचा भाग निघू शकतो. सांगणारा माणूसच खोटे बोलतो आहे, अशा रचनेच्या कादंबऱ्यांत आरंभीचा सगळा गोंधळ मुद्दाम घातलेला असतो. आमच्या गटात आता पहिलाच प्रश्न "शेवट काय होतो?" हा विचारला जातो, आणि ज्याला तो सांगता येत नाही त्याचे पुस्तक आपोआप दुसऱ्या यादीत जाते. शब्दकोश, पाककृती, प्रवासाची माहिती असली सलग न वाचण्याची पुस्तके याला अपवाद होत. त्यांच्या बाबतीत ती प्रत्यक्ष वापरून पाहिलेली असावीत.

तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका येथे होतात. मुखपृष्ठावर एकाच माणसाचे नाव ठळक असते, त्यामुळे सगळा दोष त्याच्या पदरात घालणे सोपे जाते. वास्तविक पुस्तक वाचकाच्या हाती येईपर्यंत ते संपादक, अनुवादक, अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक, मुद्रक, बांधणी करणारा आणि मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणारा एवढ्यांच्या हातांतून गेलेले असते, आणि यांपैकी कोणीही ते बिघडवू शकतो.

आमच्याकडे एका निवृत्त शिक्षकांनी एक ऐतिहासिक कादंबरी वाईट म्हणून आणली होती. त्यांचे म्हणणे असे की लेखकाला कथानकाचा सांधाच जुळवता येत नाही. नायक एका वाक्यात वाड्यात जेवायला बसलेला आहे आणि पुढच्याच ओळीत घोड्यावरून घाट उतरतो आहे. नव्या तंत्राचा हव्यास, असा त्यांचा अभिप्राय होता. कोणीतरी पुस्तक हातात घेऊन पाने चाळली, तेव्हा पान १२८ नंतर थेट पान १४५ आले. सोळा पानांचा एक अख्खा फॉर्म बांधणीत गळला होता. ते पुस्तक त्यांनी चार वर्षे वाईट धरून ठेवले होते. तेव्हा कोणत्याही निकालापूर्वी पृष्ठांक सलग आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर नामपृष्ठाच्या मागचे पान वाचावे. तेथे आवृत्तीचे वर्ष असते, अनुवाद असल्यास मूळ भाषा आणि अनुवादकाचे नाव असते, आणि पुष्कळदा बारीक टंकात "संक्षिप्त" हा शब्द असतो. पाचशे-सातशे पानांची परदेशी कादंबरी दोनशे पानांत आटवली म्हणजे पात्रे कारणाशिवाय येऊ-जाऊ लागतात. अशा पुस्तकात पात्रांची वाढ नीट झालेली नाही, अशी तक्रार मूळ लेखकाविरुद्ध करणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उशिरा जाऊन वाढप्याऐवजी आचाऱ्याला धारेवर धरण्यासारखे आहे.

अनुवादाचा मुद्दा मराठीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण गेल्या काही दशकांत आपल्या दुकानांतील फळ्यांवर अनुवादित पुस्तकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. अनुवाद बिघडलेला आहे हे ओळखण्यासाठी मूळ पुस्तक जवळ असण्याची गरज नसते. नमुन्यादाखल मी एक वाक्य रचतो, पण असली वाक्ये वाचलेली नाहीत असा वाचक विरळाच : "तो त्या प्रकारचा माणूस होता जो आपले हृदय आपल्या बाहीवर घालत नसे." हे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. "जो" हा शब्द वाक्याच्या मध्यावर येऊन बसलेला आहे, "आपले" दोनदा आलेले आहे, आणि बाहीवर हृदय घालणारा माणूस महाराष्ट्रात कोणी पाहिलेला नाही. ज्याने मूळ अर्थ पकडून मग मराठीत विचार केला असता, त्याने "मनातले चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, असा त्याचा स्वभाव होता" असे सरळ लिहिले असते. तीनशे पानांत अशी वाक्ये दर परिच्छेदात भेटत असतील, तर पुस्तक वाईट आहे यात शंका नाही. पण वहीत नोंद करताना "अमुक लेखकाचे पुस्तक वाईट" असे न लिहिता "अमुक पुस्तकाचा हा अनुवाद वाईट" असे लिहावे. दुसरा अनुवाद मिळाला तर निकाल उलटू शकतो, आणि माझ्या बाबतीत तो दोनदा उलटला आहे.

मलपृष्ठाविषयी थोडक्यात. तेथे "मराठी साहित्यातील मैलाचा दगड" असे छापलेले असते, ते लेखकाने छापलेले नसते. अपेक्षाभंगाचा राग आणि पुस्तकाचा दोष वेगळे करण्यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हेच पुस्तक नाव-गाव नसलेल्या स्थितीत, रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना मिळाले असते तर मी इतका चिडलो असतो का? उत्तर नकारार्थी आले की तक्रार जाहिरातीविरुद्ध नोंदवायची.

न आवडलेले, न कळलेले आणि वाईट

या तिन्हींची सरमिसळ सामान्य वाचकच करतो असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली आणि पुढे सात वर्षे ती चालवली. तिच्यात त्यांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला, आणि त्यात व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुकांवरून फुल्यांची यथेच्छ थट्टा केली. आज उलट बाजूने पाहताना चिपळूणकरांना एका वाक्यात निकालात काढण्याचा मोह होतो. पण आपल्याला येथे शिकायचे आहे ते अधिक उपयोगाचे आहे. चिपळूणकर आळशी वाचक नव्हते. त्यांनी पुस्तके वाचली होती, पुरावे काढले होते, आणि आपले म्हणणे इतक्या सफाईने मांडले होते की त्या काळच्या शिकलेल्या वाचकाला ते पटलेही असेल. त्यांची चूक मापात होती. पुण्यातील शिकलेल्या वर्गाची छापील मराठी हेच भाषेचे एकमेव माप धरून त्यांनी जी पुस्तके मोजली, ती त्या वर्गासाठी लिहिलेलीच नव्हती. १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिणाऱ्या फुल्यांच्या डोळ्यांसमोर शेतकरी आणि कष्टकरी होता. त्या वाचकाला किंवा ऐकणाऱ्याला ती भाषा कशी पोहोचली, हा प्रश्न चिपळूणकरांनी विचारला नाही. आज ते पुस्तक छापले जाते, इतर भाषांत वाचले जाते, विद्यापीठांत शिकवले जाते.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले, आणि नाकारण्याचे कारणही पत्राने कळवले : जे लोक सर्व माणसांचे हक्क मोकळ्या मनाने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांतील भावार्थाशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही. म्हणजे एका वाचकाने जवळजवळ अख्ख्या फळीलाच आपल्या यादीतून वगळले होते. पण त्या नकारात कशासाठी आणि कोणाच्या वतीने हे दोन्ही स्पष्ट आहे, आणि शेवटच्या कोऱ्या पानावरच्या पेन्सिलीच्या शेऱ्यात नेमके तेच नसते.

न कळण्याचे उदाहरण म्हणून बा. सी. मर्ढेकरांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप तर झालाच, शिवाय १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या "काही कविता" या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ज्या कवितेचा अर्थ लागत नाही ती अश्लील मात्र आहे हे कसे कळते, हा प्रश्न तेव्हाच्या काही वाचकांना पडला असेल असे मला नेहमी वाटते.

व्यवहारात याची चाचणी अशी घ्यावी. हे पुस्तक काय करू पाहते आहे, हे दोन वाक्यांत लिहावे; आणि ती वाक्ये अशी असावीत की लेखकाने वाचली तर "होय, हेच" असे तो म्हणेल. ही दोन वाक्ये लिहिता आली नाहीत, तर पुस्तक "न कळलेली" या सदरात घालावे. लिहिता आली, पण मुळात तो उद्योगच आपल्याला नको आहे असे वाटले, तर ते "न आवडलेली" या सदरात जाते; मला स्वतःला शिकारीच्या आठवणी नको असतात, त्यात त्या आठवणींचा दोष नाही. पुस्तकाने जे करू घातले तेच त्याला साधलेले नाही, किंवा त्याने वाचकाशी लबाडी केली आहे, असे दाखवता आले तरच ते वाईट.

पुरावा कसा काढावा

पुराव्यासाठी पुस्तकातील सर्वांत वाईट पान निवडू नये. चांगल्या लेखकाच्या पुस्तकातही दोन पाने पडेल असतात, आणि तेवढीच वाचून दाखवली तर कोणाचाही बळी देता येतो. आम्ही पुस्तकाचे साधारण तीन समान भाग करतो, प्रत्येक भागातून डोळे मिटून एक पान उघडतो आणि त्या तीन पानांवर दोष दिसतो का ते पाहतो. तो तिन्ही ठिकाणी दिसला, तर तो पुस्तकाचा दोष.

शेरा विशेषणांत लिहू नये, क्रियेत लिहावा. "संवाद कृत्रिम आहेत" याच्याऐवजी "सातारा जिल्ह्यातील ऊसतोड कामगार आपापसांत आकाशवाणीच्या बातम्यांच्या भाषेत बोलतात" असे लिहिले की वाचणाऱ्याला स्वतः निर्णय करता येतो. "प्रचारकी" या शब्दाऐवजी "प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पात्र उठून भाषण करते आणि बाकीची पात्रे माना डोलावतात" असे लिहावे.

माहितीच्या पुस्तकांना याहून कडक कसोटी लावावी, कारण कंटाळवाणी कादंबरी फार तर झोप आणते, पण चुकीची माहिती काम बिघडवते. माझ्या वैयक्तिक यादीत वरच्या क्रमांकावर कोणतीही कादंबरी नसून पाककृतींचे एक पुस्तक आहे. त्यात एका वड्यांच्या साहित्यात अर्धी वाटी आंबट दही लिहिलेले होते, आणि कृतीत दह्याचे नावही नव्हते. ते दही पिठात घालायचे, वरून घालायचे की सोबत वाढायचे हे ठरवण्यात आमच्या घरात अर्धा तास गेला, तोवर तेल धुरावले. पुढच्या आठवड्यात दुसरी कृती करून पाहिली, तेव्हा कृतीत "भिजवलेली डाळ निथळून घ्यावी" असे होते आणि साहित्यात डाळच नव्हती. दोन कृतींची अदलाबदल झाली असेल म्हणून मी सबंध पुस्तक पेन्सिल घेऊन तपासले. चौऱ्याऐंशी कृतींपैकी एकोणीस कृतींत साहित्य आणि कृती यांचा मेळ नव्हता. लिहिणाऱ्या बाईंच्या हाताला चव असेलही. पण छापण्यापूर्वी एकाही माणसाने ते पुस्तक ओट्याशेजारी उघडून ठेवले नव्हते, हे पानापानांवर दिसत होते. असा आकडा हाती असला की आवाज चढवावा लागत नाही.

लेखकाविषयी काय बोलावे

येथे कायद्याचे एक कलम मला समीक्षेच्या कितीतरी व्याख्यानांहून अधिक उपयोगी वाटते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अब्रुनुकसानीचे कलम ४९९ होते, आणि त्याला दहा अपवाद जोडलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हा विषय तिच्या कलम ३५६ मध्ये गेला. त्यांतील सहावा अपवाद असा की, ज्याने आपली कृती लोकांच्या निर्णयापुढे ठेवली आहे, त्या कृतीच्या गुणवत्तेविषयी, आणि त्या कृतीतून दिसेल तेवढ्यापुरते कर्त्याच्या स्वभावाविषयी, सद्भावपूर्वक मत देणे ही अब्रुनुकसानी नव्हे. पुस्तक प्रसिद्ध करणारा माणूस ते लोकांच्या निर्णयापुढे ठेवतो, असे तेथे उदाहरणातच म्हटले आहे.

पुढचे उदाहरण तर मजेदार आहे. अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा तो दुबळ्या बुद्धीचा माणूस असला पाहिजे, असे कोणी सद्भावपूर्वक म्हटले तर त्याला अपवादाचा लाभ मिळतो. परंतु अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे निघाले याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण तो मुळातच दुबळ्या बुद्धीचा आणि बाहेरख्याली आहे, असे म्हटले तर तो लाभ मिळत नाही, कारण हे मत पुस्तकावर आधारलेले नाही. शब्द जवळजवळ तेच आहेत. फक्त प्रवासाची दिशा बदलली आहे. पुस्तकाकडून लेखकाकडे जाता येते, लेखकाकडून पुस्तकाकडे येता येत नाही. लेखक कोणत्या पक्षाचा आहे, त्याला पुरस्कार कसा मिळाला, संमेलनात तो कोणाशी भांडला, हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडते. आमच्या बैठकीत असले बोलणे सुरू झाले की ग्रंथपाल बाई हातातला चमचा कपावर वाजवतात, आणि बोलणारा पुन्हा पुस्तकाकडे वळतो.

कोणती पुस्तके यादीत घेऊ नयेत

वाईट पुस्तकांवर तुटून पडण्यात वेळ तर जातोच, शिवाय ते स्वभावालाही अपायकारक असते, असे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे मत होते. मला ते अर्धे मान्य आहे, म्हणूनच बैठक वर्षातून एकदा. उरलेल्या अर्ध्या भागासाठी निवड जपून करावी लागते.

निवृत्तीच्या पैशांतून स्वखर्चाने काढलेला आणि नातेवाइकांत वाटलेला कवितासंग्रह यादीत घेऊ नये. त्याने कोणाला वचन दिलेले नाही, कोणाचे पैसे घेतलेले नाहीत. आजोबांच्या आठवणी, शाळेचा स्मरणग्रंथ, गावच्या देवस्थानाची माहिती ही पुस्तके ज्यांच्यासाठी असतात त्यांना ती पोहोचतात. शाळेत सक्तीने वाचलेले पुस्तकही पुन्हा वाचल्याशिवाय आणू नये, कारण "खालीलपैकी कोणत्याही एका पात्राचे स्वभावचित्र रेखाटा" या प्रश्नाची चीड कादंबरीवर निघते. आणि मुद्दाम वाईट लिहिलेले पुस्तक तर अपात्रच. १९६९ मध्ये अमेरिकेत माइक मॅकग्रेडी या पत्रकाराने आपल्या सुमारे दोन डझन सहकाऱ्यांकडून एकेक प्रकरण लिहवून घेऊन एक जाणूनबुजून टुकार कादंबरी काढली, ज्यांची प्रकरणे जरा बरी उतरली ती बिघडवून घेतली, आणि ती कादंबरी खपाच्या यादीत जाऊन बसली. तो विनोद होता. आपल्याला येथे प्रामाणिक अपयश हवे असते.

जे पुस्तक मोठ्या आवाजात आले, भरपूर विकले गेले, जाणत्यांनी ज्याची शिफारस केली आणि तरीही ज्याने आपले काम केले नाही, ते यादीसाठी सर्वांत योग्य.

बैठक भरवायची असल्यास

आठ ते बारा माणसे पुरेत. प्रत्येकाने पुस्तक प्रत्यक्ष आणावे. मोबाइलवरचा फोटो चालत नाही, कारण पृष्ठांक तपासायचे असतात. आधी ती दोन वाक्ये, मग तीन पानांवरील पुरावा, मग तक्रार कोणाविरुद्ध आहे ते, या क्रमाने बोलावे. त्यानंतर ज्यांना ते पुस्तक आवडले आहे त्यांना तेवढाच वेळ द्यावा. आवडणारे कोणी नसेल तर चिठ्ठी टाकून एकाला वकीलपत्र द्यावे. हा वकील पुष्कळदा जिंकतो, आणि दोनदा तर पुस्तक आणणाऱ्यानेच ते पुन्हा घरी नेले.

एक पान मोठ्याने वाचावे, कारण वाईट गद्य डोळ्यांना फसवते, कानांना फसवत नाही. येथे मात्र एक विचित्र गोष्ट घडू शकते : पुस्तक इतके वाईट असते की ऐकणाऱ्यांना मजा येऊ लागते. आयरिश लेखिका अमांडा मॅकिट्रिक रॉस यांची पहिली कादंबरी १८९७ मध्ये त्यांच्या पतीने लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून स्वखर्चाने छापून दिली. तिच्यातील अनुप्रासांनी लगडलेली भाषा पुढे इतकी प्रसिद्ध झाली की ऑक्सफर्डमध्ये जे. आर. आर. टॉल्किन आणि सी. एस. लुइस यांच्या मित्रमंडळात त्यांचे लेखन न हसता कोण अधिक वेळ वाचू शकतो, अशी पैज लागत असे. आता ज्या पुस्तकाने शंभर वर्षे लोकांना हसवले ते सर्वांत वाईट कसे म्हणायचे? आमच्या गटाने यावर बराच वाद घालून अशा पुस्तकांसाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे. सर्वांत वाईट पुस्तक ते, जे मोठ्याने वाचताना कोणी हसत नाही आणि कोणी ऐकतही नाही.

पुस्तकाचे पुढे काय करावे

ते वाचनालयाला देणगी म्हणून देऊ नये. देणगीची खोकी उघडून नको असलेली पुस्तके वेगळी करणे हा ग्रंथपालांच्या कामातील एक मोठा भार असतो. मित्राला भेट देणे हेही योग्य नाही. रद्दीत घालण्याची खंत वाटत असेल, तर १९५४ चा ग्रंथ प्रदान अधिनियम आठवावा. त्यानुसार देशातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रकाशकाने कायदा पाळला असेल, तर आपल्या हातून नाहीसे झालेले ते पुस्तक चार शहरांत सुखरूप असेल.

नोंद मात्र जपून ठेवावी, आणि तिच्यावर तारीख व त्या वेळचे आपले वय लिहावे. माझ्या जुन्या वहीत, मी एकोणीस वर्षांचा असताना केलेली एक नोंद आहे : "नायक काहीच करत नाही. नुसता घरात बसून असतो. सर्वांत वाईट." त्या कादंबरीतील नायकाची नोकरी गेलेली असते, आणि ते घरात कोणाला सांगणे त्याला जमत नसते, हे त्या वेळी मी वाचले होते पण माझ्या लक्षात राहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते पुस्तक पुन्हा वाचले. त्या नोंदीखाली नवी तारीख घालून चार ओळी लिहिल्या आहेत. जुनी नोंद खोडलेली नाही.